दंड आणि ठिगळ

शरीराच्या कांहीं अवयवांचीं नांवें आपल्या घरांतून उघडपणें उच्चारलीं जात नाहींत. मूत्रपिंडांत खडा झाला तर तो शेजारच्या बिऱ्हाडालाहि ताबडतोब कळतो. गुडघ्याची वाटी बदलली तर तिची किंमत काय, ती कोणत्या देशाची, इथपर्यंत माहिती पाहुण्यांना पुरविली जाते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीवरचा व्रण दाखविण्यांत तर कित्येक पुरुषांना भूषण वाटतें. परंतु त्याच छातीवर स्त्रीला गांठ आली, म्हणजे ती "अंगावरची गांठ" होते, किंवा नुसती "तिची तब्येत." "स्तन" हा शब्द संस्कृत काव्यांत आम्ही बिनदिक्कत वाचतों, त्याच्या समासाचा विग्रह करून परीक्षेंत गुण मिळवितों, आणि घरांत तोच शब्द आला कीं माजघरांतला आवाज एकदम खालीं येतो.

ह्या संकोचाचे दोन परिणाम होतात. गांठ दाखविण्यास उशीर होतो, हा पहिला. त्याविषयीं मासिकांतून व व्याख्यानांतून पुष्कळ बोलून झालें आहे. दुसरा परिणाम असा कीं, गांठ वेळेवर दाखविली, निदान झालें, तरीहि पुढें काय करावयाचें ह्याचा विचार, जिचें शरीर तिला वगळून होतो; कारण जें बोलावयाचेंच नाहीं, त्याविषयीं तिला विचारणार तरी कसें? मला लिहावयाचें आहे तें ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

आमच्या सासूबाईंचें वय आज चौऱ्याऐंशीं वर्षांचें आहे. त्यांची एक मावशी वाईस असे. १९५२ च्या सुमारास तिच्या छातीवर गांठ आली, आणि तिनें ती दोन वर्षें पदराखालीं वागविली. पुढें ती फुटून वास येऊं लागला तेव्हां घरांतल्यांना कळलें. तोंवर उपाय उरला नव्हता. मावशीच्या खोलींत उदबत्ती लावून येण्याचें काम सासूबाईंकडे होतें, आणि ती कशासाठीं लावावयाची हें त्यांना कोणीं सांगितलें नाहीं. मुंबईस परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालींच सुरू झालेलें होतें, आणि वाईपासून मुंबई कांहीं फार दूर नव्हती.

त्या मानानें आमच्या थोरल्या जाऊबाई भाग्यवान म्हणावयाच्या. २०२१ च्या दिवाळीनंतर आंघोळ करतांना त्यांच्या हाताला गांठ लागली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं ती मला सांगितली. त्यांचें वय तेव्हां छप्पन्न. यथाकाल छायाचित्रें निघालीं, सुई घालून बारीकसा तुकडा तपासला गेला, आणि कर्करोगाचें निदान झालें. गांठ तीन सेंटिमीटरांची, उजव्या स्तनाच्या खालच्या भागांत; काखेंत संशय यावा असें कांहीं दिसत नव्हतें. सर्जनबाईंनीं पहिल्याच भेटींत सांगितलें कीं, स्तन राखून उपचार होऊं शकेल, संपूर्ण काढावयाचा असेल तर तेंहि करतां येईल, आयुष्याच्या दृष्टीनें दोहोंत फरक नाहीं. घरीं जाऊन विचार करून या.

घरीं विचार झाला, तो दिवाणखान्यांत झाला. भावजी, आमचे यजमान, धाकटे दीर आणि नाशिकहून मुद्दाम आलेले मामेसासरे एवढी मंडळी होती; जाऊबाई स्वयंपाकघरांत त्यांच्यासाठीं चहा गाळीत होत्या. भावजींचें म्हणणें असें: "आतां ह्या वयांत राखून काय करायचें आहे? सगळें काढून टाकलें म्हणजे मागें धास्ती उरत नाहीं." हें ते निष्ठुरपणानें बोलले नाहींत. ते फार भ्यालेले होते. आणि जेवढें जास्त कापावें तेवढा रोग जास्त गेला, असें भ्यालेल्या माणसाला वाटणें स्वाभाविक आहे. मोठमोठ्या शस्त्रवैद्यांनाहि जवळजवळ ऐंशीं वर्षें तसेंच वाटत होतें.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉल्स्टेड नांवाचे विख्यात सर्जन होते. त्यांनीं १८९४ सालीं आपल्या पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोग मूळ जागेपासून सभोंवार पायरीपायरीनें पसरत जातो, म्हणून त्याच्या वाटेवरचें सर्व कांहीं एकदमच उचलावें, ही त्यांची उपपत्ति. त्याप्रमाणें संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि असा सर्व ऐवज ते एकसंध काढीत. बरगड्यांवर नुसती कातडी ताणलेली राही. पुष्कळ जणींचा हात सुजे आणि धड वर उचलेना. तरीहि तो काळ पाहतां हा उपचार मोठाच लाभ होता. त्यापूर्वीं शस्त्रक्रियेच्या जागींच रोग पुन्हां उद्भवण्याचें प्रमाण भयंकर होतें, तें हॉल्स्टेडांनीं पुष्कळ खालीं आणलें. म्हणून त्यांना नांवें ठेवण्याची जी टूम आजकाल निघाली आहे ती मला रुचत नाहीं. बिघडलें तें पुढें. ती पद्धति शास्त्र न राहतां सोंवळें बनली, आणि सोंवळ्याला शिवण्याचें धाडस सहसा कोणी करीना.

अगदींच कोणीं केलें नाहीं असेंहि नाहीं. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत जेफ्री केन्स (प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स ह्यांचे हे धाकटे बंधु) ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत रेडियमच्या सुया वापरून, स्तन न काढतां उपचार करून पाहिले, आणि त्यांचे परिणाम वाईट नव्हते. पण खरा निकाल लागावयास दोन चिकाटीच्या प्रयोगांची वाट पाहावी लागली. इटलींत मिलान येथें उम्बेर्तो व्हेरोनेसी ह्यांनीं १९७३ ते १९८० ह्या काळांत ७०१ स्त्रिया निवडल्या. सर्वांच्या गांठी दोन सेंटिमीटरांच्या आंतल्या. कोणावर हॉल्स्टेडांची शस्त्रक्रिया करावयाची, आणि कोणाचा गांठीसकट स्तनाचा फक्त चतुर्थांश काढून मग किरणोपचार द्यावयाचा, हें चिठ्ठ्या टाकाव्या तसें दैवावर सोंपविलें होतें, म्हणजे निवड करणाऱ्याचा कल मध्यें येऊं नये. अमेरिकेंत बर्नार्ड फिशर ह्यांनीं १९७६ पासून तसाच प्रयोग चालविला. त्यांत चार सेंटिमीटरांपर्यंतच्या गांठी असलेल्या १८५१ स्त्रियांचा हिशेब आहे. दोहोंचे वीस वर्षांचे निकाल २००२ सालीं प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या आणि गमावलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानांत फरक पडला नव्हता. किरण मात्र अवश्य ठरले: फिशरांच्या प्रयोगांत केवळ गांठ काढून किरण घेतलेल्यांपैकीं शेंकडा १४ जणींना त्याच स्तनांत रोग पुन्हां झाला, न घेतलेल्यांपैकीं शेंकडा ३९ जणींना. परदेशांतलें गणित आपल्याकडे लागू पडेल काय, अशी शंका मामेसासऱ्यांनीं काढली होती. तिलाहि उत्तर आहे. परळच्या त्याच रुग्णालयांत १९८० पासून स्तन राखून केलेल्या उपचारांचा दोन दशकांचा वृत्तांत २००६ सालीं छापून आला. हजारावर भारतीय स्त्रियांच्या त्या अनुभवावरून हा मार्ग येथेंहि सुरक्षित आहे असाच निष्कर्ष निघतो.

आमचे यजमान हें सर्व वाचून काढून भावजींपुढें ठेवीत होते. भावजींनीं तें ऐकून घेतलें, आणि मग एक प्रश्न विचारला. तो मात्र मला बिनतोड वाटला. "राखून राखणार काय? खड्डाच ना?"

गांठ काढावयाची म्हणजे तिच्या सभोंवतालच्या निरोगी भागाचा एक थर बरोबर घेऊनच काढावी लागते. बाहेर काढलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागाला शाई लावतात, आणि रोगाच्या पेशी त्या शाईला कोठें टेकलेल्या नाहींत ना, हें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. टेकलेल्या असल्या तर पुन्हां कापणें आलें. आतां लहानशा स्तनांतून मोठा तुकडा गेला कीं पोकळी राहते. आरंभीं तींत द्रव सांचून वरून सर्व ठीक दिसतें. पुढें तो द्रव शोषला जातो, किरणांनीं तो भाग आकसतो, आणि वर्षादोन वर्षांत खळगा पडतो. गांठ खालच्या अंगाला असेल तर स्तनाग्र खालीं वळून पक्ष्याच्या चोंचीसारखा आकार होतो. किरण घेतलेल्या कातडीवर मागाहून दुरुस्ती करणें फार कठीण असतें. म्हणून जें करावयाचें तें त्याच दिवशीं, त्याच मेजावर करावें लागतें.

येथें सर्जनापुढें पेंच पडतो. आकाराची दया येऊन त्यानें कमी कापलें तर रोग राहील. रोगाच्या भीतीनें भरपूर कापलें तर आकार जाईल. ह्या पेंचांतून वाट काढणारी जी विद्या गेल्या तीसेक वर्षांत तयार झाली तिला ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया म्हणतात. हें नांव रूढ करण्यांत जर्मन सर्जन वेर्नर आउड्रेच ह्यांचा वांटा मोठा आहे. कर्करोग कापणारा आणि अवयव घडविणारा अशीं दोन कसबें एकाच शस्त्रक्रियेंत, पुष्कळदां एकाच सर्जनाच्या हातांत, एकत्र आणावयाचीं, हा तिचा गाभा. ही विद्या म्हणजे श्रीमंतांची नटण्याची हौस, असा समज चांगल्या शिकलेल्या घरांतूनहि मीं ऐकला आहे. वस्तुस्थिति उलट आहे. मागाहून भरून काढतां येईल अशी खात्री असल्यामुळेंच कापणाऱ्याचा हात आंखडत नाहीं. तो गांठीभोंवतीं निर्धास्तपणें रुंद कापतो. भावजींना जी निर्धास्ती हवी होती, ती ह्या वाटेनेंहि मिळण्यासारखी होती.

दुसऱ्या भेटीस जाऊबाई, भावजी आणि मी अशीं तिघें गेलों. सर्जनबाईंनीं कागदावर आकृत्या काढून हें सर्व समजावून दिलें. भावजी आणि मी माना डोलवीत होतों. कळलें मात्र आधीं जाऊबाईंना. त्यांची सारी हयात शिवणकामांत गेली आहे. घरांतल्या तीन पिढ्यांच्या चोळ्या, परकर, झबलीं त्यांच्या हातचीं. त्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे हा दंड झाला, आणि हें दुसरें ठिगळ."

तरुण वाचकभगिनींपैकीं कित्येकींनीं दंड घातलेलें लुगडें पाहिलेंहि नसेल. लुगडें मध्यें विरलें म्हणजे तेवढा भाग कापून टाकीत, आणि दोन्हीकडचीं धडकीं टोकें एकमेकांस जोडून शिवीत. लुगडें थोडें आंखूड होई, पण नेसल्यावर सरळ बसे. बाहेरून एक चिंधीहि आणावी लागत नसे. ह्या शस्त्रक्रियेचे दोन मुख्य प्रकार खरोखरच ह्या दोन शिवणींसारखे आहेत. पहिल्यांत स्तनाचाच उरलेला भाग मोकळा करून, सरकवून, पोकळी मिटवितात. आकार राहतो, आकारमान घटतें. दुसऱ्यांत कुशींतून अथवा पाठींतून जिवंत मांस आणून पोकळी भरतात. पॅरिसचे सर्जन क्रिश्ना क्लफ (नांव आपल्या घरचें वाटलें तरी हे गृहस्थ फ्रेंच आहेत) आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० सालीं पहिल्या प्रकाराच्या दोन पायऱ्या सांगितल्या. स्तनाचा सुमारें पंचमांशापर्यंत भाग जाणार असेल तर आंतल्या आंत सरकवून भागतें. त्याहून अधिक, निम्म्यापर्यंत, जाणार असेल तर वरची कातडीहि कापून सबंध स्तन नव्यानें बेतावा लागतो.

बेतण्याच्या तऱ्हा पुष्कळ आहेत, आणि त्या गांठीच्या जागेवर अवलंबून असतात. गांठ स्तनाग्राच्या आसपास वरच्या बाजूस असली, तर भोंवतालच्या काळसर वर्तुळाच्या कडेनें एकांत एक असे दोन गोल छेद घेऊन मधली कातडीची कडी काढतात, त्या वाटेनें आंतलें काम उरकतात, आणि बटव्याची दोरी ओढावी तसा गोल टांका ओढून घेतात; व्रण वर्तुळाच्या कडेला लपून जातो. गांठ थेट स्तनाग्राखालीं असली तर स्तनाग्र काढावेंच लागतें; मग खालच्या भागांतून कातडीची गोल चकती तिच्या मांसासकट वर सरकवून त्या जागीं बसवितात. आणि गांठ खालीं असून स्तन भरदार असला, तर अवजड स्तनांचा भार कमी करण्यासाठीं एरवी जी शस्त्रक्रिया करतात तिचाच नकाशा उपयोगीं पडतो. भार कमी करतांना जो भाग टाकून द्यावयाचा असतो, त्यांतच गांठ आलेली असते. स्तनाग्र मात्र तोडीत नाहींत. ज्या बाजूनें त्याला रक्त पोंचतें त्या बाजूचा मांसल देंठ राखून, देंठासकट तें नव्या जागीं चढवितात. जाऊबाईंच्या बाबतींत हा शेवटचा प्रकार योग्य होता.

आकृत्या संपल्यावर सर्जनबाईंनीं पेन खालीं ठेवलें, आणि दिवाणखान्यांत जो प्रश्न कोणीं काढला नव्हता तो सरळ जाऊबाईंना विचारला: "तुम्हांला काय हवं आहे?"

जाऊबाईंनीं भावजींकडे पाहिलें. भावजी खिडकीकडे पाहत होते. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. त्या खोलींत घड्याळ असतें तर त्याची टिकटिक ऐकूं आली असती. मग त्या म्हणाल्या, "मला रोज आंघोळ करायची असते, बाई. रोज खालीं पाहिल्यावर आठवण नको. राखतां येत असेल तर राखा."

पस्तीस वर्षांच्या संसारांत स्वतःच्या शरीराविषयीं इतकें लांब वाक्य त्या भावजींसमोर पूर्वीं बोलल्या असतील असें मला वाटत नाहीं. भावजींनीं हूं कीं चूं केलें नाहीं, पण घरीं येतांना रिक्षांत त्यांनीं मला विचारलें, "किरण द्यायला रोज जावें लागेल ना? मी नेईन."

दुसरा एक निर्णय राहिला होता. उजवा स्तन लहान व किंचित् वर उचललेला होणार, डावा पहिल्यासारखाच राहणार. जोडी जुळविण्यासाठीं निरोगी बाजूहि लहान करतां येते, एक तर त्याच वेळीं, नाहीं तर किरण पूर्ण होऊन आकार स्थिरावल्यावर. जाऊबाईंनीं ती नाकारली. "चांगल्यावर कातर नको. चोळीला एका बाजूनें आंतून गादी लावीन." आरशापेक्षां निरोगी अंगावरच्या छेदाची किंमत त्यांना जास्त वाटली. दुसरी एखादी स्त्री ह्याच्या बरोबर उलट ठरवील, आणि तिचेंहि चुकणार नाहीं. सर्जनबाईंना ही निवड फारशी पसंत नसावी असें त्यांच्या मुद्रेवरून मला वाटलें. पण त्यांनीं तसें लिहून घेतलें.

शस्त्रक्रियेच्या सकाळीं त्यांना पलंगाच्या कडेला ताठ बसवून, मग उभें करून, सर्जनबाईंनीं अंगावर निळ्या शाईनें रेघा मारल्या. आडवें झालें कीं सगळा भाग बाजूला ओघळतो आणि मापें खोटीं ठरतात. भूल देण्यासाठीं आंत नेतांना जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "चोळीचें माप सुद्धां उभ्यानेंच घेतात गं." काखेंतील सगळ्या ग्रंथि काढण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं. रोग काखेंत उतरलाच तर ज्या ग्रंथींत तो प्रथम जाईल, तेवढ्याच दोन-तीन ग्रंथि निळ्या रंगद्रव्याच्या साहाय्यानें हुडकून काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या. हॉल्स्टेडांच्या काळच्या स्त्रियांचे हात सुजत, तो त्रास ह्यामुळें पुष्कळ जणींचा वांचतो.

त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक शाळामास्तरीण होत्या. वय चाळिशीच्या आंत, अंगलट अगदीं कृश. त्यांच्या गांठीभोंवतीं रुंद कापल्यावर सरकवावयास कांहीं उरत नव्हतें. दंड घालावयास मुळांत लुगडें लांब असावें लागतें. त्यांना ठिगळ लावलें. काखेखालच्या कुशींतील कातडी व चरबी, बरगड्यांमधून वर येणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीच्या आधारानें, पानासारखी उचलतात, आणि ती रक्तवाहिनी न तोडतां तें पान वळवून पोकळींत बसवितात. स्नायूला हात लागत नाहीं. व्रण बाजूला, हाताखालीं झांकला जातो. पोकळी ह्याहून मोठी असेल तर पाठीचा रुंद स्नायूच वळवून पुढें आणतात. ही दुसरी युक्ति नवी नव्हे. इटलींतील पाव्हियाचे सर्जन इजिनिओ तान्सिनी ह्यांनीं १९०६ सालींच ती प्रसिद्ध केली होती. परंतु हॉल्स्टेडांच्या संप्रदायाला जोडकाम म्हणजे कापण्यांतली कसूर वाटे. ती युक्ति विस्मृतींत गेली, आणि १९७० नंतरच पुन्हां वर आली.

ह्या ठिगळाच्या कुळकथेंत पुण्याचाहि एक अध्याय आहे. १७९२ च्या लढाईंत इंग्रजांच्या फौजेंतील कावसजी नांवाचा एक गाडीवान टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी पानाच्या आकारानें सोडविली, भिवयांच्या मध्यें तिचा देंठ तसाच ठेवला, आणि तें पान खालीं वळवून त्याचें नवें नाक केलें. तेथील इंग्रज डॉक्टरांनीं हें पाहिलें; लंडनच्या "जंटलमन्स मॅगझिन" ह्या मासिकांत १७९४ च्या आक्टोबरांत त्याचा सचित्र वृत्तांत छापला गेला; आणि तो वाचून तेथील जोसेफ कार्प्यू ह्यांनीं १८१४ सालीं तशी शस्त्रक्रिया स्वतः केली. कपाळ असो वा कूस असो, देंठ जिवंत राखावयाचा हें तत्त्व तेंच. सर्व कांहीं आमच्याकडे पूर्वीं होतेंच, असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांपैकीं मी नाहीं. सुश्रुतसंहितेंत नाक घडविण्याची कृति आहे खरी. पण पेशवाईच्या अखेरीस ती ज्याच्या बोटांत जिवंत होती तो पोथी वाचणारा नव्हता, विटा भाजणाऱ्यांतला होता, आणि त्याचें नांवहि आपण जपलें नाहीं.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण ह्या विद्येच्या नुसत्या स्तुतीनें कोणाची दिशाभूल व्हावयास नको. शस्त्रक्रिया लांबते, टांके वाढतात, आणि जेथें उभी शिवण आडव्या शिवणीला मिळते तो कोपरा भरून येण्यास कुरकुर करतो. जाऊबाईंचा तो कोपरा अंगठ्याच्या नखाएवढा उघडला आणि मिटावयास तीन आठवडे लागले. जखम मिटल्याखेरीज किरण सुरू करतां येत नाहींत, म्हणून हा उशीर नुसत्या गैरसोयीचा नसतो. अनुभवी सर्जन नकाशा निवडतांनाच त्याचा विचार करतात. सरकविलेल्या चरबीचा एखादा भाग रक्ताअभावीं मरून मागाहून तेथें टणक गोळा लागतो. तो निरुपद्रवी असला तरी पुन्हां सुई घालून तपासेपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. सर्वांत नाजूक गोष्ट शाईची. सगळें सरकवून शिवल्यावर आठवड्यानें अहवाल आला, आणि रोग शाईला टेकलेला निघाला, तर मूळ जागेची कड आतां कोठें गेली, हें शोधणें अवघड जातें. म्हणून पोकळी मिटविण्यापूर्वीं तिच्या भिंतींवर धातूच्या इवल्याशा क्लिपा खुणेसाठीं लावून ठेवतात. किरण देणाऱ्यालाहि त्यांचा उपयोग होतो. इतकें करूनहि कधीं कधीं अखेर सर्व स्तन काढावा लागतो, आणि ही शक्यता आधींच सांगून ठेवणारा सर्जन तो खरा.

शिवाय हा मार्ग सर्वांना खुला नाहीं. रोग सबंध स्तनांत विखुरलेला असेल, कातडी लाल होऊन सुजणारा प्रकार असेल, छातीला पूर्वीं कधीं किरण दिलेले असतील, तर स्तन राखण्याचा हट्ट धरूं नये. गांठ मोठी असेल तर आधीं औषधें देऊन ती लहान करून मग राखतां येण्याचा संभव असतो. आपल्याकडे स्त्रिया उशिरां दाखवितात, त्यामुळें ह्या उपायाचें काम वरचेवर पडतें. व्हेरोनेसी-फिशरांनीं केले तसे चिठ्ठ्यांचे मोठे प्रयोग ह्या घडणीच्या पद्धतींवर झालेले नाहींत. आहेत ते ठिकठिकाणच्या सर्जनांनीं ठेवलेले अनुभवाचे हिशेब, आणि ते रोग उलटण्याच्या बाबतींत समाधानकारक आहेत. माझ्या एका मैत्रिणीनें, राखणें शक्य असतां, सर्व काढून घ्यावयाचें ठरविलें. तिला किरणांच्या खेपा नको होत्या आणि दर वर्षीं त्या स्तनाच्या चित्राची वाट पाहणेंहि नको होतें. तिनें तें स्वतः ठरविलें, घरच्यांनीं तिच्यासाठीं नाहीं; त्यामुळें मला त्यांत वावगें कांहीं दिसत नाहीं.

जाऊबाईंच्या किरणांच्या पंधरा बैठका झाल्या, तीन आठवड्यांत. पूर्वीं ह्यालाच पांच आठवडे लागत; आणि कित्येकींना पांच बैठका एकाच आठवड्यांत देऊनहि काम भागतें, असें इंग्लंडांतील एका मोठ्या प्रयोगांत २०२० सालीं दिसून आलें आहे. भावजींनीं त्यांना एकहि दिवस न चुकतां नेलें. बाहेर बांकावर इतर यजमानमंडळी बसलेली असे. पहिल्या आठवड्यांत ते सगळे आपापल्या वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसत. तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं मी बरोबर गेलें होतें. साताऱ्याकडचे एक गृहस्थ नुकतेच बायकोला घेऊन आले होते, फार घाबरलेले, आणि भावजी त्यांना पाठीवर हात ठेवून समजावीत होते: "लुगड्याला दंड घालतात, पाहिलंय ना तुम्ही? आईच्या वेळीं? तसं करतात. घाबरूं नका. आणि त्यांना विचारा, त्यांना काय हवं आहे तें."

आतां रोज एक गोळी चालू आहे, ती एकंदर पांच वर्षें घ्यावयाची. वर्षांतून एकदां क्ष-किरणांचें चित्र काढतात. २०२४ च्या चित्राची प्रत घरीं आणली तेव्हां सासूबाईंनीं ती मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. राखी रंगावर चार पांढरे बारीक ठिपके स्पष्ट दिसत होते. "ह्या टांचण्या आंतच राहिल्या कीं काय?" त्यांनीं विचारलें. जाऊबाई म्हणाल्या, "मुद्दाम ठेवल्या आहेत, सासूबाई. शिवण कुठें होती तें कळावें म्हणून." सासूबाईंनीं पुन्हां एकदां पाहिलें, आणि प्रत घडी न घालतां, जपून, पाकिटांत ठेवून दिली.